वडलांच्या कार्डावरचा माणूस

त्या सकाळी धुक्यातून जी ओ आली ती त्याची नव्हती, हे मला ती ऐकली तेव्हाच कळलं होतं. तरी मी त्याच्या नावापुढे हजर म्हणून खूण केली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराला तर नाहीच. आईला सांगावं लागलं नाही, तिला आधीच कळलं होतं. ती गेल्या वर्षी गेली. आता हे ठाऊक असलेला मी एकटाच, आणि एकट्यानं ते सांभाळणं मला जमेना झालंय.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून. म्हणजे हे आत्ताचं गाव. आधीचं पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा मी इतका लहान होतो की मला त्यातलं काही आठवत नाही. वडील मात्र काठावर उभे राहून बोट दाखवायचे. ती बाभळींची रांग दिसते ना, तिच्या सरळ रेषेत आत गेलं की आपली विहीर. विहिरीच्या अलीकडे चिंच. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की चिंचेचा काळा बुंधा वर येई आणि त्यावर पाणकावळे पंख पसरून बसत.

जमीन गेलेल्यांना मच्छीमार सोसायटीत सभासद करून घेतलं होतं. वडील माळकरी. जन्मात माशाला शिवले नाहीत. पण सोसायटीचं कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं, फोटोसकट, प्लॅस्टिकमध्ये घालून. मी पुढे त्याच सोसायटीत कारकून झालो. वडील वारले तेव्हा त्यांचं नाव सभासदांच्या यादीतून कमी करायचं काम माझंच होतं. ते मी केलं नाही. लोकांना वाटलं, मायेनं ठेवलं असेल. तसं काही नव्हतं. नावं कमी झाली तर सोसायटीला मासेमारीसाठी पाणी मिळत नाही, आणि ठेकेदारानं मला तसं सांगितलं होतं.

पाणी कागदावर सोसायटीचं, पण मासे धरायचा एक ठेकेदार. तो पोळ्याच्या सुमाराला बिहारकडून माणसं आणायचा. अकरा माणसं एका टेम्पोतून उतरायची आणि आमच्या काठावर ताडपत्रीच्या दोन पालांत राहायची. नियम असा की सभासदानंच मासे धरायचे. म्हणून मी त्यांना आमच्या सभासदांची कार्डं वाटायचो. ज्याच्या हातात जे कार्ड, ते त्याचं नाव, पुन्हा टेम्पोत बसेपर्यंत. त्यांची स्वतःची आधार कार्डं ठेकेदार काढून घ्यायचा. पाण्यात भिजतील, हरवतील, माझ्याकडं नीट राहतील, असं म्हणायचा. मागायला गेलं की म्हणायचा, घाई काय आहे, कुठं पळून जायचंय का?

माझ्या वडलांचं कार्ड ज्याला मिळालं तो तिशीचा, काटकुळा, डोक्याला गमछा बांधणारा माणूस होता. फोटो बघून तो इतका हसला की बाकीचे गोळा झाले. मग त्याला कळलं की हे माझे वडील. त्यानं कानाला हात लावला. पण दोन-चार दिवसांनी भीड चेपल्यावर काठावरूनच ओरडला, “मुंशीजी, बाप को चाय नहीं पिलाओगे?” सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो. तेव्हापासून तो माझा बापच झाला. चहा आणला की पहिला कप बापाला, अशी पद्धतच पडून गेली.

त्यांचं काम लोकांना ठाऊक नसतं. संध्याकाळी जाळी सोडायची आणि पहाटे काढायची. होड्या नव्हत्या. थर्माकोलचे तुकडे खताच्या गोणीत शिवून केलेला तराफा, एकावर एक माणूस, हातात फळी. अंगावर फुगा नाही, जाकीट नाही. एकदा मी ठेकेदाराजवळ जाकिटांचा विषय काढला होता. तो म्हणाला, “ही काय शहरातली लेकरं हायेत का? पान्यातच जन्मलेली मानसं ही.” मी पुढे बोललो नाही. तंगूसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या, जाळ्यानं त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या पाण्यानं पांढऱ्या होऊन सोललेल्या. तापातही सुट्टी नाही. एकाला थंडी वाजून भरून आली तर बाकीच्यांनी त्याची जाळी वाटून घ्यायची. पिण्याचं पाणी तेच, धरणाचं. घरी कोणी वारलं तरी हंगाम संपेपर्यंत जायचं नाही, कारण आधार कार्ड ठेकेदाराच्या कपाटात.

जाळी जुन्या गावावर अडकायची. घरांचे दगड, विहिरीचं थारोळं, झाडांचे बुंधे. जाळं फाटलं तर बोलणी खायला लागत, म्हणून ते खाली बुडी मारून हातानं सोडवून आणायचे. वर आल्यावर सांगायचे, आज एक उंबरा लागला, आज एक जातं लागलं. माझ्या वडलांच्या नावाचा हा माणूस सांगायचा, “मुंशीजी, आपके घर हो आया.” मला ते ऐकून हसू यायचं नाही.

आणि हजेरी. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पावसाळा सरतानाच आमच्या पाण्यावर पहाटे धुकं धरायला लागतं, आणि थंडीत ते असं बसतं की स्वतःचा पसरलेला हात दिसत नाही. तराफे आत असतात, कोण कुठे हे दिसत नाही. मासे न्यायला बर्फाचा पिकअप यायचा, त्याला उशीर चालायचा नाही. म्हणून उजाडताना मी काठावर उभा राहून यादीतली नावं एकेक करून पुकारायची, आणि ज्यानं त्यानं आहे तिथून ओ द्यायची. ओ आली की खूण. म्हणजे माणूस जागा आहे, जाळं काढतोय, माल येतोय. ती हजेरी मालासाठी होती. माणूस बुडाला का, हे बघायला ती नव्हती. पण त्या पाण्यावर माणूस आहे की नाही हे कळायचा दुसरा मार्गही नव्हता.

तेव्हा रोज सकाळी मी धुक्याकडे तोंड करून माझ्या मेलेल्या बापाचं नाव पुकारायचो आणि आतून ओ यायची. पहिले काही दिवस तो “हाँ” म्हणायचा. मग इतरांचं ऐकून शिकला. लांब, गाणं म्हटल्यासारखी ओ द्यायचा. तीत थोडी मस्करी असायची.

आमचं घर काठापासून हाकेच्या अंतरावर. आई तेव्हा म्हशीचं शेण काढत असायची. आईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. जनगणनेला माणूस आला तरी नाव शेजारणीकडून सांगवायची. ती पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, “तुझ्या बापाला पान्यावर हाका नको मारूस.”

मी म्हटलं, त्यांना नाही गं, त्यांचं कार्ड ज्याच्याकडं आहे त्याला मारतो.

“त्यांना काय म्हाईत कार्ड कुनाकडं हाय?” ती म्हणाली. “नाव त्यांचं हाय. हाक मारली की मानूस येतं.”

मी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. मला ती भोळी वाटली.

भाद्रपदात वडलांची तिथ आली. आमच्याकडे पित्तर म्हणून भावकीतला एखादा माणूस जेवायला बोलावतात. त्याला पाटावर बसवून गंध लावायचं, आणि तो जेवला म्हणजे गेलेलं माणूस जेवलं. दरवर्षी चुलत्याला बोलवायचो. त्या वर्षी आई म्हणाली, तळ्यावरच्या त्याला बोलव. म्हटलं, लोक काय म्हणतील. तर म्हणाली, “नाव त्यो वागवतोय, उन्हातान्हात त्यो राबतोय, आन् जेवायला दुसराच?”

तो आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. आईनं त्याला वडलांच्या पाटावर बसवलं, गंध लावलं आणि पाया पडली. तो इतका अवघडला की उठायलाच निघाला होता. मी खांदा दाबून बसवला. मग जेवला. खीर, वडे, आळूची भाजी, भात. मान वर न करता जेवला. किती दिवसांनी कोणी वाढून दिलेलं खात होता कुणास ठाऊक. आई समोर बसून त्याच्याकडे बघत होती. वडील जेवताना बघायची तसंच, पदर तोंडाला लावून.

हात धुताना ओसरीवर तो मला हळूच म्हणाला, “मुंशीजी, एक काम कर दो. मेरे अपने नाम का कुछ बनवा दो. कल को कुछ हो गया तो मैं किसके नाम से मरूँगा?”

मी म्हणालो, करतो. करण्यासारखं होतं. रजिस्टरच्या मागच्या पानावर अकरा जणांची खरी नावं, गाव, घरच्यांचा फोन, एवढं लिहून ठेवलं असतं तरी पुरे होतं. त्याचा फोन पाण्यात पडल्यापासून तो रविवारी माझ्याच मोबाईलवरून बायकोशी बोलायचा. नंबर माझ्याकडे होता. त्याचं खरं नाव मला ठाऊक होतं. पण मी ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कार्डांची लबाडी माझ्याच अक्षरात दिसली असती.

आता ती सकाळ.

पौषातलं धुकं होतं. दोन दिवस आधीच त्याचं जाळं पाण्याखालच्या चिंचेपाशी अडकलं होतं आणि ठेकेदार त्यावरून बोलला होता, ते सोडवल्याशिवाय बाहेर यायचं नाही. पिकअप आलेला होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी यादी धरून नावं पुकारायला लागलो. एक, दोन, तीन, ओ येत गेल्या. मग वडलांचं नाव पुकारलं. काही आलं नाही. पुन्हा पुकारलं. नाही. हॉर्न वाजला. मी तिसऱ्यांदा पुकारलं.

माझे वडील हाकेला ओ देण्याआधी खाकरायचे. लांबून, शेतातून, दाराआडून, कुठूनही. आधी एक कोरडं खाकरणं आणि मग आखूड ओ. आयुष्यभर ऐकलेलं.

तिसऱ्या हाकेला धुक्यातून कोणीतरी खाकरलं आणि आखूड ओ आली.

पाणकावळा खाकरल्यासारखा आवाज करतो, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कोणी गड्यानं त्याच्यासाठी ओ दिली असेल, असंही मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. नंतर आडून आडून विचारलं, पण कोणी तसं म्हणालं नाही. ते काय होतं याचा निवाडा मला करायचा नाही. मला कबूल करायचं आहे ते वेगळं. ती त्याची नाही हे मला कळलं होतं. त्या क्षणी ओरडलो असतो, तर बाकीचे दहा तराफे चिंचेकडे वळले असते. मी खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.

पिकअप गेला. माणसं एकेक करून बाहेर आली. तो आला नाही, पण जाळं सोडवत असेल असं सगळ्यांना वाटलं, कारण त्यानं ओ दिलेली होती. मी चहाला घरी गेलो. आईनं कप पुढे केला आणि म्हणाली, “आज खाकरून ओ दिली.”

मी म्हटलं, कोणी?

ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हासुद्धा धुकं उतरलेलं नव्हतं. तेव्हासुद्धा वेळ होता की नव्हता, मला माहीत नाही. तराफ्याला धरून माणूस थंड पाण्यात किती तग धरतो हे मी नंतर कधी कोणाला विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. मी चहा प्यालो. सावकाश प्यालो.

दहाच्या सुमाराला धुकं फाटलं. त्याचा तराफा चिंचेपाशी रिकामा तरंगत होता, फळी त्याच्यावरच होती. त्या टोळीत त्याचा चुलतभाऊ होता, वयानं मोठा, फारसं न बोलणारा. तो धावत माझ्याकडे आला आणि दोन्ही हातांनी माझा दंड धरला. “मुंशीजी, हाजिरी में उसने जवाब दिया था न?”

मी म्हणालो, “दिया था.”

त्याचे हात सुटले. त्या दोन शब्दांनी काय झालं ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. ठेकेदाराला लगेच कळलं. तो दुपारी आला, यादी बघितली आणि म्हणाला, बरं झालं. ओ दिली म्हणजे हजेरीपर्यंत ठीक होता. काम तिथं संपलं. पुढं पोहायला गेला असेल, त्याची मर्जी. आणि यादीत अकराच्या अकरा हजर, म्हणजे आपल्याकडचं कोणी गेलंच नाही. भाऊ पाण्यात उतरून सकाळपासून बुड्या मारत होता. ठेकेदारानं त्याला दोघांकरवी बाहेर ओढून टेम्पोत बसवलं. ऊन असतानाच टोळी दुसऱ्या धरणावर हलवली. कुठल्या, ते मला सांगितलं नाही. पालांच्या जागी फक्त तीन दगडांच्या दोन चुली राहिल्या, एकीत अजून धूर होता.

तिसऱ्या दिवशी शेळ्या राखणारी एक बाई सांगत आली की पाण्यात काहीतरी आहे. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. बाभळींच्या सरळ रेषेत होता तो, विहिरीच्या वर. ओढून काठाला आणला. शर्टाच्या खिशात माझ्या वडलांचं कार्ड होतं. प्लॅस्टिकमुळे आत पाणी शिरलं नव्हतं. फोटो कोरडा होता. ते कार्ड मी काढून घेतलं आणि माझ्या खिशात घातलं. मग पोलीस आले. हवालदारानं विचारलं, ओळखीचा आहे का? मी नाही म्हणालो. त्यानं लिहिलं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस. मी खाली सही केली.

अग्नी ग्रामपंचायतीनं दिला. आईनं त्या दिवशी घरात चूल पेटवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “पाटावर बसवून जेवू घातलाय त्याला.” पुढे ती जाईपर्यंत या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. पण पुढच्या भाद्रपदात तिनं दोन पानं वाढली. दुसरं कोणाचं, ते मी विचारलं नाही.

मी सोसायटी सोडली. वडलांचं नाव यादीतून कमी करण्याचा अर्ज मात्र जाताना देऊन आलो. आता नेवाशात एका खताच्या दुकानात बसतो. चार वर्षं झाली. त्या काठावर दर हंगामाला नवी टोळी येते, असं ऐकतो. हजेरी कोण घेतं, माहीत नाही.

त्याच्या बायकोचा फोन येतो. वर्षातून एकदा, पौषातच. त्याच्या चुलतभावानं तिला सांगितलं की तो बुडाला. पण भावानं प्रेत बघितलेलं नाही. कागद कुठलाच नाही. सासरचे म्हणतात, हजेरीत तर होता, मग बुडाला कसा? तिकडंच दुसरं घर केलं असेल. ती भांडत नाही, रडत नाही. सुरुवातीला मला एवढंच विचारायची, “बाबूजी, उन्होंने जवाब तो दिया था न?” मी हो म्हणायचो. पलीकडे कोंबड्यांचा आवाज ऐकू यायचा.

या पौषात तिनं दुसरंच विचारलं.

“बाबूजी, आप तो वहीं थे. बता दीजिए, मैं सिंदूर लगाऊँ कि नहीं लगाऊँ?”

माझी आई चाळीस वर्षं नवऱ्याचं नाव न घेता राहिली आणि तो गेल्यावर कपाळ पुसून राहिली. तिला ठाऊक होतं ती कोण आहे. या बाईला चार वर्षं ते ठाऊक नाही, आणि ते माझ्या एका खुणेमुळे. मी म्हणालो, नंतर सांगतो. फोन ठेवला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला युरिया दिला.

कार्ड माझ्याकडेच आहे. फोटोतले वडील आहेत तसेच आहेत. ते बघताना मला आता त्यांची आठवण येत नाही. दुसऱ्याच माणसाची येते, गमछा बांधलेल्या. सकाळी दुकानाचं शटर वर करताना मागून कोणी खाकरलं तर मी वळून बघत नाही.

तो अनोळखी नव्हता, तो कामावर असताना गेला, आणि त्या सकाळी ओ त्यानं दिलेली नव्हती. असा जबाब, त्याच्या खऱ्या नावानं आणि माझ्या सहीनं, मला पोलीस ठाण्यात जाऊन द्यायचा आहे आणि त्याची नक्कल तिच्या हातात पोचवायची आहे. अजून मी तो दिलेला नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.